इंजिन चालू ठेवून

दुकानापुढची जागा तव्यासारखी सपाट,
म्हणून ट्रक बंद करत नाही.
स्टार्टर गेलाय. घरी गोठ्यामागच्या चढावर लावून ठेवते,
पहाटे हँडब्रेक काढून घरंगळत सोडते,
दुसऱ्या गिअरात क्लच सोडला की खोकत उठतो.
इथे विझला तर घर बावन्न मैल.
आत ड्रायव्हरच्या जागेवर टॅन्सी बसलीय, माझी कुत्री,
जणू तिनेच मला आणलंय.

जुना स्टार्टर खाद्याच्या पोत्यात गुंडाळून आणलाय.
काउंटरवर ठेवते. काच कुरकुरते.
पोरगा त्याच्याकडे बघत नाही, पडद्याकडे बघतो.
छातीवर नाव: ट्रेव्हिन.
मागच्या महिन्यात इथे दुसरंच नाव होतं.
वर्ष? ब्याऐंशी.
इंजिन? सांगते.
टू-व्हील की फोर-व्हील?
एसी आहे का?
खिडकी आहे, म्हणते मी.
तो थांबतो. त्याच्या यादीत खिडकी नसावी.
मग माझ्या खांद्यामागे बघत विचारतो,
गाडी ज्यांची आहे, ते आलेत का बरोबर?
मी काचेतून टॅन्सीकडे बोट दाखवते.

एक शिल्लक आहे, म्हणतो पडदा.
पोरगा मागे जातो. बराच वेळ.
बाहेर माझं पेट्रोल जळतंय.
शेजारच्या खिळ्यांवर टांगलेत सुगंधी पुठ्ठ्याचे पाइन,
शंभर तरी असतील,
आणि गावापासून चाळीस मैलांत खरं झाड एकही नाही.
तो हात हलवत परत येतो.
"आहे असं दाखवतंय."
दाखवतंय.
बिलिंग्जहून मागवतो, गुरुवारी येईल.
गुरुवारच्या आत माझ्या तीन कालवडी व्यायच्या आहेत,
पण ते विचारायला त्याला चौकोन दिलेला नाही.

धान्याच्या कोठारासमोर आर्विड टोलेफ्सरूडचं दुकान होतं.
तो वर्ष विचारायचा नाही. आवाज कसा येतो, विचारायचा.
आम्ही मोठी माणसं त्याच्यासमोर तोंडाने
घरघर, खरखर, टक-टक-टक करायचो,
आणि तो न बघता मागच्या फळीवर हात घालायचा.
महाग द्यायचा, हे खोटं कशाला बोलू.
उधारीचं नाव काढलं की बहिरा व्हायचा.
हे लाल पाटीचं दुकान आलं त्या वर्षी
चार डॉलर वाचतात म्हणून मीही इकडेच वळले,
आणि त्याच्या काचेवरून जाताना
रेडिओचं बटण उगाच फिरवत राहिले.

गुरुवारी खोका आला. फोडला. दात मोजले: नऊ.
माझ्या जुन्याला दहा.
"नंबर बरोबर आहे," ट्रेव्हिन म्हणाला.
मी त्याचं बोट धरलं, खरंच धरलं,
आणि एकेका दातावर ठेवत गेले, शाळेतल्या मास्तरणीसारखी.
नऊ. मग जुना. दहा.
त्याने पुन्हा पहिल्यापासून मोजले, ओठ हलवत.
मागे रांग वाढत होती. त्याची मान लाल झाली.
"नंबर तर बरोबर आहे," तो म्हणाला, पण आता खालच्या आवाजात.

दार उघडलं तर शांतता.
ट्रक विझला होता. टॅन्सी माझ्याकडे बघत होती,
तिचा काही दोष नाही असं.
वारा असा की डोळ्यांतलं पाणी गोठावं.
मी बॉनेटवर हात ठेवून उभी राहिले, किती वेळ कोण जाणे.
मागून पावलं आली:
ट्रेव्हिन, अर्ध्या बाह्यांच्या शर्टात,
आणि रांगेतला बीटच्या गाडीवरचा एक दांडगा माणूस.
"क्लच कधी सोडायचा असतो?" पोराने विचारलं.
मी सोडेन, तू ढकल.

तीनदा नाही झालं.
चौथ्यांदा खोकला, धरला, उठला.
थांबता येत नव्हतं, थांबले की संपलं;
खिडकीतून हात बाहेर काढला, तेवढाच.
आरशात दुकान लहान होत गेलं,
आणि पाटीखाली तो, दोन्ही तळवे डोळ्यांसमोर धरून,
काळे झालेले,
आत जायचं विसरून बघत उभा.